पॅडल मऊ लागतंय? आधी निप्पल वर आहे का बघा

प्रश्न : मिस्त्री काका, नमस्कार. मी कसबा बावड्यात राहतो, शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडं २०११ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढचं डावं चाक तापायचं आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायची. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन अडकला होता. मी पुढचे दोन्ही कॅलिपर आणि पॅड घरीच बदलले. जुने दोन्ही एकदमच काढून ठेवले, मग नवे बसवले. पत्नीला पॅडलवर बसवून निप्पलमधून (कॅलिपरवरचं हवा काढायचं पोकळ बोल्टासारखं तोंड) ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली. मध्ये एकदा वरची ऑइलची बाटली रिकामी झाली, ती भरून पुन्हा काढली. निप्पलला पाना लावायला जमिनीवर पार आडवं व्हावं लागतं, त्यामुळं फार वेळ जातो. एक लिटर ब्रेक ऑइल संपलं तरी पॅडल मऊच. पहिल्या दाबाला पाऊण खाली जातं, तीन-चार पंप मारले की वर येतं, पण स्पंजावर पाय ठेवल्यासारखं लागतं. गळती कुठं दिसत नाही. मित्र म्हणतो, गाडी चालवली की उरलेली हवा आपोआप निघून जाते. रविवारी आईला जोतिबाला न्यायचंय आणि पुढच्या आठवड्यात गगनबावड्यावरून वैभववाडीला जायचंय. हळू चालवली तर चालेल का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर :

सर, नाही. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही. गाडी आहे तिथं पहिल्या गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा, किल्ली घरात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मग निवांत बसून पुढचं वाचा. तुमची चूक कुठं झाली असणार ते मला पत्रातच दिसतंय आणि ती सुधारण्यासारखी आहे.

आधी मित्राच्या म्हणण्याबद्दल. हवा आपोआप निघून जाते हे मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी स्वतः एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. तेव्हा मी विशीत होतो, उद्यमनगरात एका गॅरेजात कामाला. एका जीपचं मागचं व्हील सिलिंडर बदललं. संध्याकाळ झाली होती आणि मालकाला रात्रीच रत्नागिरीला निघायचं होतं. पॅडल जरा मऊ लागत होतं. मी म्हटलं, ‘‘चालतंय की. चार ब्रेक मारले की बसंल.’’ आंबा घाटातल्या एका वळणावर ते पॅडल फळीपर्यंत गेलं. चालक जुना होता. त्यानं गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीकडं जाऊ न देता डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. माणसं वाचली. चौथ्या दिवशी मालक गॅरेजात आले, मला काही बोलले नाहीत, फक्त दाबला गेलेला मडगार्ड दाखवला. तो मडगार्ड अजून डोळ्यांपुढं आहे. आपल्या कोल्हापुरात ‘चालतंय की’ हा जीव लावणारा शब्द आहे, पण ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवल्यावर तो तोंडातून काढायचा नाही, हे मी तेव्हापासून हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगत आलो.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ. ‘निप्पलला पाना लावायला जमिनीवर पार आडवं व्हावं लागतं.’ तुम्ही ती कंटाळ्यापोटी लिहिलीत, पण माझ्या मते सगळं उत्तर तिथंच आहे. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचं निप्पल वरच्या अंगाला असतं. चाक काढून बाजूला उकिडवं बसलं की ते समोर दिसतं आणि पाना सहज लागतो. त्यासाठी आडवं झोपावं लागत असेल तर तुमचं निप्पल खाली गेलंय. म्हणजेच डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसलाय. दोन्ही जुने एकदम काढून ठेवल्यावर ही अदलाबदल होणं फार सोपं आहे. कितीतरी गाड्यांत दोन्ही कॅलिपर दोन्ही बाजूंना बोल्टसकट व्यवस्थित बसतात. कुठं अडत नाही, म्हणून संशयही येत नाही. अनुभवी मिस्त्रींच्या हातूनही हे झालेलं मी पाहिलंय.

यानं बिघडतं काय, ते आपल्या शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल. उसाला पाणी सोडायला मोटर चालू केली आणि पंपानं हवा धरली तर मोटर फिरत राहते, पाणी येत नाही. मग आपण पंपाच्या डोक्यावरचा छोटा नट सैल करतो. तिथून फुसफुस हवा जाते, पाण्याची धार लागली की नट आवळतो. तो नट डोक्यावर का असतो? हवा वर जाऊन बसते म्हणून. तो नट पंपाच्या बुडाला असता तर दिवसभर पाणी वाहून गेलं असतं आणि हवा वर तशीच राहिली असती. तुमच्या कॅलिपरमध्ये नेमकं हेच होतंय. पिस्टनच्या वरच्या पोकळीत हवेचा फुगा बसलाय आणि तुम्ही खालच्या निप्पलमधून चांगलं ऑइल काढताय. एक लिटर नाही, पाच लिटर ओतलं तरी तो फुगा हलणार नाही. नळीतून बुडबुडे येत नाहीत हे बघून तुम्हाला वाटलं असेल की हवा संपली. ती संपली नव्हती, तिला वाट नव्हती.

हवा एवढी का नडते तेही सांगतो, तुम्ही शिक्षक आहात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो हा पास्कलचा नियम तुम्ही वर्गात शिकवत असाल. ब्रेकची सगळी मदार त्यावर आहे. द्रव दबत नाही म्हणून पायाचा दाब थेट पॅडपर्यंत जातो. हवा मात्र दबते. पायाची अर्धी चाल तो फुगा चेपण्यातच जाते आणि पॅडपर्यंत उरलेलंच पोचतं. पंप मारल्यावर पॅडल वर येतं याचा अर्थ ब्रेक ठीक झाले असा नाही. दर दाबाला थोडं जास्तीचं ऑइल पुढं ढकललं जातं आणि फुगा तात्पुरता आवळला जातो, एवढंच. रस्त्यात पोरगं आडवं आलं तर तीन पंप मारायला वेळ कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट तुमच्या मित्राला सांगा. गाडीच्या ब्रेकच्या लाइनचे दोन भाग असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्यानं गाडी थांबावी म्हणून. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे भाग तिरपे असतात : पुढचं डावं आणि मागचं उजवं एकावर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्यावर. तुमच्या पुढच्या दोन्ही कॅलिपरमध्ये हवा आहे. म्हणजे दोन्ही भागांत हवा आहे आणि राखीव म्हणून ठेवलेली सोयही तितकीच मऊ झालीय. ‘हळू चालवतो’ म्हणताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही.

तर आता काम. पुढची दोन्ही चाकं काढायची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, दोन्ही बाजूंना पक्क्या घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावायच्या आणि मागच्या चाकांना दगड. कॅलिपरकडं बघा. होज पाइप जिथं जोडलाय त्याच्या वर निप्पल हवं. खाली असेल तर अदलाबदल झालीच. कधी कधी कॅलिपरवर डाव्या-उजव्याची अक्षरं ओतलेली असतात, पण पुन्हा बनवलेल्या कॅलिपरवर ती घासून गेलेली असतात, त्यामुळं त्यावर विसंबू नका. डोळ्यानं निप्पल बघा. नवीन काही विकत घ्यायला नको, तेच दोन्ही कॅलिपर जागा बदलून बसवायचे. होजच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वायसरं मात्र नवी टाका. एकदा दाबली गेलेली वायसरं पुन्हा नीट बसत नाहीत, आणि आठ-दहा रुपयांच्या वस्तूसाठी ऑइल झिरपायला नको. बसवल्यावर होजला पीळ पडलेला नाही ना बघा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तो चाकाला किंवा स्प्रिंगला घासत नाही याची खात्री करा. चुकीच्या बाजूला बसवलेल्या कॅलिपरनं होज ताणलेला असू शकतो. त्याला चीर किंवा फुगवटा दिसला तर तो बदलाच.

एवढं उघडलंच आहे तर कॅलिपरच्या सरकत्या पिना हातानं पुढं-मागं होतात का तेही बघा. पिन अडकली की पॅड तिरका टेकतो, आणि तिरका पॅडही पॅडलला मऊपणा देतो. पॅडच्या खाचांतला गंज घासून काढा. पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस रबराला खातं.

रबराचं निघालं म्हणून मध्येच एक सांगतो, कारण दर महिन्याला एखादं तरी असं पत्र येतं. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, मीही म्हणतो, पण ते ऑइल नाही. ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे ते. त्या बाटलीत इंजिन ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल किंवा डिझेलचा थेंबही गेला तर आतली सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर ऑइल पुढं ढकलणारा भाग) कॅलिपरपर्यंत सगळं बदलावं लागतं. पेट्रोल, रॉकेलनं सिलिंडरमधले रबरी कप धुण्याची जुनी खोड आपल्याकडं आहे, ती सोडा. धुवायचंच असेल तर ताज्या ब्रेक ऑइलनं धुवा. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. आपल्या शहराचा जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो. डब्यात भरून गॅरेजात नेऊन द्या.

तुमच्या पत्रातली दुसरी महत्त्वाची गोष्ट : वरची बाटली एकदा रिकामी झाली. म्हणजे मास्टर सिलिंडरमध्येही हवा शिरली असणार, आणि तिथून ती चारही चाकांकडं जाऊ शकते. म्हणून नुसती पुढची दोन नाहीत, चारही चाकांची हवा काढायची. क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असेल तर तोच पाळा. नसेल तर जुनी रीत म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, मास्टर सिलिंडर त्याच्याच समोर असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं.

हवा काढायला वहिनींना पॅडलवर बसवलंत ते चांगलं केलंत, पण दोघांचं बोलणं ठरवून घ्या. निम्मी बिघडलेली ब्लीडिंग, म्हणजे हवा काढण्याचं काम, या बोलण्यापायी बिघडते. गॅरेजात पॅडलवरचं पोरगं मोठ्यानं म्हणतं ‘‘धरलं!’’ आणि तो शब्द ऐकल्याशिवाय आम्ही पान्याला हात लावत नाही. मग निप्पल पाव फेरा सैल. पॅडल खाली जातं, ऑइल येतं. निप्पल आवळल्यावर आम्ही म्हणतो ‘‘सोड’’ आणि ते ऐकल्यावरच पाय उचलायचा. निप्पल उघडं असताना पाय उचलला गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागचं सगळं काम वाया जातं. निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ताजं ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. बुडबुडे डोळ्याला दिसतात आणि चुकून पाय उचलला तरी हवेऐवजी ऑइल आत जातं. दर चार-पाच दाबांनी वरची बाटली भरायची. ती अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हे काम तिसऱ्या माणसाला द्या. घरात मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना द्या, मुलं हे काम फार मन लावून करतात.

पॅडल सावकाश दाबायचं. भराभर पंप मारले की मोठा बुडबुडा फुटून त्याचे बारीक बारीक होतात आणि ते पाइपाच्या भिंतींना चिकटून बसतात. ताकाला फेस येतो तसं. मग तासभर थांबावं लागतं. आणि पॅडल फळीपर्यंत नेऊ नका. हे तुमच्यासारख्या जुन्या गाडीसाठी मी मुद्दाम लिहितोय. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे कप नळीच्या ठरावीक भागातच फिरतात. पुढच्या भागात वर्षानुवर्षं गाळ आणि गंज साठतो. पॅडल पार खाली नेलं की ते कप त्या खरखरीत भागावरून जातात आणि त्यांची धार जाते. माणूस पॅड बदलायला बसतो आणि उठताना मास्टर सिलिंडर घालवून उठतो. पॅडलखाली दोन-तीन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवा, पाय तिथंच थांबेल.

तुम्ही एक लिटर ऑइल संपेपर्यंत पॅडल दाबलंय, तेव्हा ही शंका तुमच्याबाबतीतही आहे. ती अशी तपासा. सगळी हवा काढून झाल्यावर इंजिन बंद ठेवून तीन-चार पंप मारा, मग पॅडलवर एकसारखा मध्यम दाब धरून मिनिटभर थांबा. पॅडल जागच्या जागी राहिलं तर ठीक. हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर कुठंही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे कप आतल्या आत ऑइल सोडताहेत. तो मऊपणा हवेचा नाही आणि कितीही ब्लीडिंग करून जाणार नाही. तिथं हात थांबवा.

हवा आहे की नाही याची आणखी एक तपासणी आहे. वरच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवायचं, वहिनींनी पंधरा-वीस पंप मारून पॅडल धरायचं आणि एकदम सोडायचं. लाइनमध्ये हवा दबलेली असेल तर ती उसळते आणि बाटलीत कारंज्यासारखी उकळी येते. नुसती हलकी लहर आली तर चिंता नाही. बाटलीवर तोंड नेऊन बघू नका. डोळ्यांत उडालं तर फार जळजळतं, चष्मा लावा आणि बाजूनं बघा. ही परीक्षा आत्ताच, कॅलिपर बदलण्याआधी केलीत तर माझं म्हणणं खरं की खोटं तेही कळेल. पण ते पंधरा-वीस पंपही सावकाशच, ठोकळा ठेवून.

मागच्या ड्रमचं थोडक्यात. ड्रमचे लायनर लांब राहिले तरी पॅडल खाली जातं. फरक असा की पंप मारल्यावर ते दगडासारखं घट्ट लागतं, तुमच्यासारखं स्पंजी नाही. तपासायचं झालं तर हँडब्रेक तीन-चार खटके ओढून पॅडल दाबा. एकदम बरंच वर लागलं तर मागचं अंतर जुळवून घ्यायला हवं.

कुठलं ऑइल घालायचं ते वरच्या बाटलीच्या झाकणावरच छापलेलं असतं. डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ म्हणून जे मिळतं ते सिलिकॉनचं असतं, ते यात कधीच मिसळायचं नाही. मागच्या पावसाळ्यात अर्धी वापरून फळीवर ठेवलेली बाटली घेऊ नका, सीलबंद नवीच घ्या. हे द्रव हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय काय असतं? ही गोष्ट तुमच्या गगनबावड्याच्या बेताशी जोडलेली आहे, म्हणून जरा थांबतो. ताजं डॉट ३ कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. करूळ घाट उतरताना जो माणूस वरच्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवूनच उतरतो, त्याच्या डिस्क किती तापतात हे खाली वैभववाडीत थांबल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघावं. ती उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत जाते. ओलावलेलं ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ हवेसारखीच दबते आणि सकाळी घट्ट असलेलं पॅडल घाटाच्या मध्यावर मऊ होतं. म्हणून जुनं ऑइल निघून नवं, स्वच्छ ऑइल येईपर्यंत चारही चाकांतून काढा. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर दर दोन वर्षांनी ते बदला. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरा.

ज्यांच्या गाडीत एबीएस आहे, आणि २०१९ नंतर घेतलेल्या बहुतेक सगळ्या गाड्यांत ते आहे, त्यांनी बाटली रिकामी होऊ देण्याची चूक करूच नये. एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडून आतला पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. घरच्या पान्यानं तिथं काही होत नाही.

आणि ज्यांनी फक्त पॅड बदललेत, पाइप किंवा निप्पल उघडलंच नाही, त्यांनी घाबरू नये. नवे पॅड बसवायला पिस्टन मागं ढकललेला असतो, म्हणून पहिले काही दाब रिकामे जातात. गाडी जागेवरून हलवण्याआधी, गिअर टाकण्याआधी, पॅडल घट्ट लागेपर्यंत सावकाश दाबत राहायचं. हे विसरून गाडी गेटमधून मागं काढली आणि भिंतीला धडकली, अशा दोन गाड्या मी दुरुस्त केल्यात.

सर, काम झालं की परीक्षा अशी घ्या. इंजिन बंद असताना पहिल्याच दाबाला पॅडल वरच्या वर घट्ट लागलं पाहिजे. मग ते दाबून धरूनच इंजिन चालू करा. पॅडल थोडंसं खाली येईल, ती बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) चांगला असल्याची खूण आहे, त्याला बिघाड समजू नका. चारही निप्पल कोरडी पुसा, वहिनींना जोरात पॅडल दाबून धरायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोड बघा. निप्पल आवळताना दांडगाई नको, आतून पोकळ असतं, पिळून तुटतं. चाकांचे नट आवळा. त्यानंतर मोकळ्या, सपाट जागेत माणूस चालतो त्या वेगानं जाऊन थांबून बघा, हात हँडब्रेकवर ठेवून. ठीक वाटलं तर पहाटे रिकाम्या रस्त्यावर ३० च्या वेगानं, मग ५० वरून २० पर्यंत असे आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, मध्ये पॅड थंड व्हायला वेळ द्या. नवे पॅड त्यानं डिस्कवर बसतात. गाडी एका बाजूला ओढते का तेही तेव्हाच कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतली पातळी आणि निप्पल पुन्हा बघा.

कॅलिपर जागेवर गेले, चारही चाकांची हवा निघाली आणि तरी पॅडल पहिल्या दाबाला घट्ट लागत नसेल, किंवा धरून ठेवल्यावर बुडत असेल, तर आणखी एक लिटर आणू नका. मिस्त्रीला घरी बोलवा, किंवा गाडी टो करून न्या. गाडी चालवत गॅरेजात आणायची नाही. शहरभर ओळखीचा मिस्त्री नाही असं घर कोल्हापुरात सापडायचं नाही, आणि यात कमीपणा काहीच नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी उभा केला, त्या गावात शिक्षकानं घरी कॅलिपर बदलला याचा मला मनापासून आनंद आहे. अडकलेला पिस्टन तुम्ही बरोबर ओळखलात, दोन्ही बाजू एकदम बदलल्यात तेही योग्यच. एक बाजू काढून, ती पूर्ण बसवून, मग दुसरीला हात घातला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

रविवारी आईंना जोतिबाला एस.टी.नं न्या. वैभववाडीचं चार दिवस पुढं ढकला. आणि गाडीकडं जाऊन ते निप्पल वर आहे की खाली, एवढं आजच बघून मला कळवा. वर निघालं तर माझा अंदाज चुकला, मग होज, बोल्टची वायसरं आणि मास्टर सिलिंडर या क्रमानं आपण पुढं शोधू. तेव्हा पत्रात दोन गोष्टी नक्की लिहा : पहिल्या दाबाला पॅडल फळीपासून किती बोटं वर थांबतं, आणि मिनिटभर धरल्यावर किती.